शक्तीपेक्षा युक्ती : प्रशिक्षक बिल वॉल्श

सनीव्हेलमध्ये राहायचं आणि अमेरिकन फुटबॉलशी काही संबंध ठेवायचा नाही, हे तसं अवघडच. गणपतीच्या सुमारास यांचा सीझन सुरू होतो तो संक्रांत आली तरी चालूच असतो. शेजारच्या सँटा क्लारामध्ये २०१४ साली फोर्टीनाइनर्सचं नवं स्टेडियम झालं. तेव्हापासून मॅचच्या रविवारी पर्शियन ड्राइव्हवरच्या देवळात निघालेली आपली मंडळी आणि लाल जर्सी घालून निघालेली त्यांची मंडळी एकाच ट्रॅफिकमध्ये अडकलेली दिसतात. सोमवारी ऑफिसात कालच्या मॅचचा विषय निघतो आणि आपल्यातले बरेच जण नुसती मान डोलावून वेळ मारून नेतात. इथे वाढलेल्या मुलांचं मात्र तसं नाही. आपल्या तोंडी जसे गावसकर आणि कपिल देव, तसे त्यांच्या तोंडी जो माँटाना आणि जेरी राइस.

हा लेख मात्र या खेळाडूंवर नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून, हातातल्या कागदाकडे बघत या सगळ्यांना खेळवणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या एका माणसावर आहे. नाव बिल वॉल्श. हा माणूस अस्सल आपल्या खोऱ्यातला. हेवर्ड, सॅन मटेओ, सॅन होजे, फ्रीमाँट, बर्कली, स्टॅनफर्ड, सॅन फ्रान्सिस्को अशी आपल्या रोजच्या येण्याजाण्यातली गावं त्यांच्या आयुष्यात ओळीने येतात. आणि गंमत अशी, की त्यांची सगळ्यात मोठी कल्पना जन्माला आली ती मात्र इथून दोन हजार मैलांवर, ओहायोमध्ये, तीही नाइलाज म्हणून.

ती कल्पना कळण्यासाठी आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. जाणकारांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. मैदान शंभर यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा नवे चार, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू पुढे न्यायचे मुख्य मार्ग दोन. एक तर तो धावणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याने कबड्डीतल्या चढाईसारखं समोरच्या भिंतीत घुसायचं. नाहीतर क्वार्टरबॅक नावाच्या सूत्रधाराने तो पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. धावण्यात मिळतं थोडं, पण खात्रीचं. फेकण्यात घबाड मिळू शकतं, पण तो जुगार. झेल सुटला तर प्रयत्न फुकट, आणि समोरच्याने झेलला तर चेंडूच गेला. म्हणून जुने प्रशिक्षक आधी दोनदा घुसून बघायचे आणि अडलं की मगच लांब फेकायचे. थोडक्यात, ज्याच्या अंगात जोर जास्त त्याचा खेळ, असा सगळा मामला होता.

विल्यम अर्नेस्ट वॉल्श यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील मोटारदुरुस्तीच्या कामात राबणारे कष्टकरी. घर वरचेवर बदलायचं, त्यामुळे शाळाही बदलायच्या. शेवटी कुटुंब हेवर्डला आलं आणि तिथल्या हायस्कूलमधून ते बाहेर पडले. मग कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये दोन वर्षं आणि पुढे सॅन होजे स्टेटमध्ये ते फुटबॉल खेळले. बॉक्सिंगही केलं. पण खेळाडू म्हणून नाव व्हावं असं त्यांच्या हातून काही घडलं नाही.

तेव्हा आपलं हे खोरं सिलिकॉनचं नव्हतं, जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांचं होतं. सनीव्हेलची ओळख म्हणजे लिबीचा फळं डबाबंद करणारा कारखाना. अशा काळात, लष्करातली नोकरी संपवून वॉल्श सॅन होजे स्टेटला परत आले आणि १९५९ मध्ये त्यांनी मास्टर्स पदवी घेतली. प्रबंधाचा विषयसुद्धा फुटबॉलच. विशिष्ट रचनेने हल्ला झाला तर बचाव कसा लावायचा, याचा अभ्यास. पुढे आयुष्यभर हल्ल्याचा विचार केलेल्या माणसाने सुरुवात बचाव समजून घेण्यापासून केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याआधीच, १९५७ मध्ये, त्यांना फ्रीमाँटच्या वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये प्रशिक्षकाची नोकरी मिळाली होती. सतत हरणारा संघ त्यांनी उभा केला. मग १९६० मध्ये बर्कलीला मार्व्ह लेव्ही यांच्या हाताखाली, १९६३ पासून स्टॅनफर्डला आणि १९६६ मध्ये ओकलंड रेडर्समध्ये, अशी सहायकाची उमेदवारी चालू राहिली. १९६७ मध्ये सॅन होजे अपाचीज नावाचा दुय्यम लीगमधला एक संघही सांभाळला. नोकऱ्या बदलत होत्या, पद काही वाढत नव्हतं. आपल्यातल्या पुष्कळांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

१९६८ मध्ये सिनसिनाटीला बेंगल्स हा नवाकोरा संघ सुरू झाला. तो काढणारे पॉल ब्राउन म्हणजे या खेळातले भीष्माचार्य. वॉल्श त्यांच्याकडे सहायक म्हणून गेले. पुढच्याच वर्षी संघाला ग्रेग कुक नावाचा तरुण क्वार्टरबॅक मिळाला. उंच, देखणा, आणि हातात असा जोर की चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जावा. वॉल्श यांनी त्याच्यासाठी लांब फेकीची आखणी केली आणि पहिल्याच सीझनमध्ये त्याने लीग गाजवली. पण त्याच सीझनमध्ये त्याचा खांदा दुखावला, तो पुढे कधी पूर्ण बरा झालाच नाही. एक मोठी कारकीर्द जवळजवळ एका वर्षात संपली.

आता हाताशी उरला व्हर्जिल कार्टर. डोक्याने हुशार, गणिताची आवड असलेला. फुटबॉलच्या आकडेवारीवर त्याने सहलेखक म्हणून लिहिलेला निबंध १९७१ मध्ये एका संशोधनपत्रिकेत छापून आला होता. मैदानावर नेमक्या कुठल्या जागी चेंडू असला तर त्याची किंमत किती, याचं ते गणित. आजचे आकडेपंडित अजून त्याचा हवाला देतात. पण कार्टरच्या हातात कुकसारखा जोर नव्हता. लांब फेक ही त्याच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती.

इथे वॉल्श यांच्यापुढे दोन वाटा होत्या. जुन्याच पद्धतीने खेळवत राहायचं आणि पोराच्या हाताला दोष देत बसायचं. किंवा त्याला जे येतं त्यातूनच नवा खेळ उभा करायचा. त्यांनी दुसरी वाट धरली.

विचार साधा होता. मैदानाची लांबी जिंकायला जोर लागतो, पण रुंदी तर फुकट पडली आहे ना? पाच-सहा यार्डांची छोटी फेक, पण डावीकडून उजवीकडे सगळं मैदान वापरून. समोरचे बचाव करणारे पसरले की मधे फटी पडतात. त्या फटीत आपला माणूस पळता पळता चेंडू झेलतो आणि झेलल्यावर तसाच पुढे पळतो. फेक पाच यार्डांची, फायदा कधी पंधरांचा. म्हणजे फेकणं हा जुगार राहिलाच नाही, ते धावण्याइतकंच खात्रीचं झालं. जुने लोक धावून जागा मिळवायचे आणि मग फेकायचे. वॉल्श यांनी छोट्या फेकी करून जागा मिळवली आणि मग धावायला लावलं.

पण हे जमायचं तर वेळ अचूक साधायला हवी. इथे त्यांच्यातला मास्तर दिसतो. क्वार्टरबॅकने चेंडू हातात आल्यावर किती पावलं मागे जायचं, तीन, पाच की सात, हे ठरलेलं. समोर पळणाऱ्याने कितव्या पावलाला वळायचं, तेही ठरलेलं. शेवटचं पाऊल टेकताच चेंडू सुटला पाहिजे, बहुतेक वेळा साथीदार वळायच्याही आधी. तो मोकळा नसला तर दुसऱ्याकडे बघायचं, तोही नसला तर तिसऱ्याकडे, आणि हा क्रमसुद्धा आधीच ठरलेला. म्हणजे समोरून अडीचशे पौंडांचे गडी अंगावर येत असताना क्वार्टरबॅकला विचार करायला बसायचं नाही. विचार आठवडाभर आधी शांतपणे झालेला आहे. तबलजी सम शोधत बसत नाही, ती त्याच्या अंगात असते, तसंच हे.

याचं फळ लगेच दिसलं. १९७० मध्ये बेंगल्सनी आपला गट जिंकला आणि १९७१ मध्ये अचूक फेकींच्या टक्केवारीत कार्टर साऱ्या लीगमध्ये पहिला आला. पुढे एका छोट्या कॉलेजातून आलेल्या केन अँडरसनला वॉल्श यांनी याच पद्धतीत घडवलं, आणि १९७४ व १९७५ अशी सलग दोन वर्षं तो लीगमधला अव्वल क्वार्टरबॅक ठरला.

पॉल ब्राउन यांच्या आग्रहाखातर वॉल्श यांना आणखी एक सवय लागली. मॅचच्या सुरुवातीच्या चार-सहा चाली आदल्या दिवशीच लिहून ठेवायच्या. पुढे हा आकडा वाढत वाढत सॅन फ्रान्सिस्कोत पंचवीसपर्यंत गेला. लोकांना ते विचित्र वाटायचं. समोरचा काय करणार हे माहीत नसताना पंचवीस चाली आधी कशा ठरवायच्या? वॉल्श यांचं म्हणणं असं, की हजारो लोकांच्या आरडाओरड्यात डोकं नीट चालत नाही. जे ठरवायचं ते शांत खोलीत ठरवा. शिवाय पहिल्या काही चालींना समोरचा बचाव कसा हलतो हे बघून घेता येतं. म्हणजे त्या चाली गुण मिळवायला असतात तशा माहिती मिळवायलाही असतात.

आठ वर्षं अशी गेली. पॉल ब्राउन निवृत्त होतील तेव्हा आपल्यालाच मुख्य प्रशिक्षक करतील, असं वॉल्श यांनी मनोमन धरलं होतं. १ जानेवारी १९७६ रोजी ब्राउन निवृत्त झाले आणि त्यांनी दुसऱ्याच सहायकाला नेमलं. वॉल्श यांना हा घाव आयुष्यभर विसरता आला नाही. वय चव्वेचाळीस. इतर संघांनी आपल्याला घेऊ नये म्हणूनही ब्राउन यांनी शब्द टाकला, असं ते पुढे सांगत असत. ते सिनसिनाटी सोडून एक वर्ष सॅन दिएगोला गेले आणि मग १९७७ मध्ये स्टॅनफर्डने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. दोन वर्षांत दोन्ही वेळा संघाने सीझनअखेरची बोल मॅच जिंकली आणि जानेवारी १९७९ मध्ये फोर्टीनाइनर्सचे तरुण मालक एडी डीबार्टोलो यांनी त्यांच्या हाती संघ दिला.

तो संघ म्हणजे कठीण काम होतं. आदल्या वर्षी सोळापैकी दोनच मॅच जिंकलेल्या. वॉल्श आले, आणि त्यांच्याही पहिल्या वर्षी जिंकल्या दोनच! मात्र ज्याला बघायचं होतं त्याला फरक दिसत होता. स्टीव्ह डीबर्ग या क्वार्टरबॅकने त्या वर्षी ३४७ फेकी यशस्वी केल्या, तो तेव्हाचा लीगमधला विक्रम होता. गाडी रुळावर येत होती, फक्त स्टेशन लांब होतं.

१९८० मध्ये पहिल्या तीन मॅच जिंकल्या आणि मग ओळीने आठ हरल्या. त्यातली एक डॅलसविरुद्ध ५९-१४ अशी. आठवी हार मायामीत. तिथून परतताना विमानात वॉल्श यांना रडू आवरेना. सीझन संपला की राजीनामा द्यायचा, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं होतं. पाचेक तासांच्या त्या प्रवासात मन पुन्हा हळूहळू ताळ्यावर आलं आणि ते पुढच्या मॅचच्या आखणीला लागले. पुढच्या तिन्ही मॅच संघाने जिंकल्या. त्यातल्या न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या मॅचमध्ये अर्ध्या वेळेला ३५-७ असे मागे असताना ३८-३५ अशी बाजी मारली. त्या दिवशी खेळवत होता जो माँटाना.

माँटाना हा वॉल्श यांच्या पद्धतीचा जणू चालता-बोलता नमुना. १९७९ च्या निवडीत ८१ खेळाडू घेऊन झाल्यावर ८२ वा म्हणून त्याचं नाव आलं होतं. हात बेताचा, अंगकाठी किरकोळ, असं इतरांचं मत. वॉल्श यांनी बघितलं ते त्याचं पायाचं काम आणि डोक्याचा थंडपणा. त्याच वर्षी २४९ व्या क्रमांकावर त्यांनी ड्वाइट क्लार्क नावाचा एक फारसा कोणाला माहीत नसलेला खेळाडूही घेतला.

१० जानेवारी १९८२ या दिवशी कँडलस्टिक पार्कवर हे सगळं एकत्र आलं. समोर पुन्हा डॅलस. शेवटची पाच मिनिटं उरलेली, फोर्टीनाइनर्स २७-२१ ने मागे, आणि चेंडू स्वतःच्या ११ यार्ड रेषेवर. ८९ यार्ड जायचं. आता हे फेकणारच, म्हणून डॅलसने बचावासाठी फेकी अडवणारे जादा गडी उतरवले. वॉल्श यांनी काय केलं? धावायला लावलं! समोरची फळी गोंधळली, संघ पुढे सरकत गेला. शेवटी सहा यार्ड उरले तेव्हा आधी याच मॅचमध्ये यशस्वी झालेली चाल पुन्हा लावली. पहिला साथीदार घसरला. माँटानाने ठरलेल्या क्रमाने दुसऱ्याकडे बघितलं आणि मागच्या कोपऱ्यात उंच चेंडू टाकला. क्लार्कने उडी मारून तो बोटांच्या टोकांनी पकडला. २८-२७. इथली माणसं त्याला नुसतं ‘द कॅच’ म्हणतात. बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. खरं तर ती सरावात कितीदा तरी घोटलेली गोष्ट होती.

दोन आठवड्यांनी मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकला सुपर बोलची अंतिम मॅच. समोर कोण, तर बेंगल्स! क्वार्टरबॅक केन अँडरसन, वॉल्श यांचाच चेला. दडपण मोठं होतं. संघ हॉटेलवर पोहोचला तेव्हा दारात गणवेश घातलेला एक पांढऱ्या केसांचा हमाल बॅगा ओढून घेऊ लागला. खेळाडू वैतागले, झटापट झाली, आणि मग लक्षात आलं की हे तर आपले कोच! वॉल्श त्यांच्या आधी पोहोचले होते आणि हॉटेलवाल्यांकडून त्यांनी कपडे मागून घेतले होते. सगळा ताण हसण्यात विरला. मॅच २६-२१ अशी जिंकली.

पुढची विजयगाथा आकड्यांतच सांगतो. १९८४ च्या सीझनमध्ये १५ जिंकल्या, एकच हरली. त्या वर्षीची सुपर बोल २० जानेवारी १९८५ रोजी अगदी आपल्या जवळ, स्टॅनफर्ड स्टेडियमवर झाली आणि मायामीला ३८-१६ असं हरवलं. १९८५ मध्ये मिसिसिपीतल्या एका लहान कॉलेजातून जेरी राइस आला. त्याच वर्षी रॉजर क्रेगने धावून १०५० आणि झेलून १०१६ यार्ड मिळवले. एकाच सीझनमध्ये दोन्हीकडे हजार गाठणारा तो पहिलाच. जुन्या पद्धतीत धावणाऱ्याचं काम फक्त धावणं. वॉल्श यांच्या खेळात मैदानावरचा प्रत्येक जण उपयोगाचा, हेच तो आकडा सांगतो.

पण वाचकहो, दिव्याखाली अंधार असतोच. दुसऱ्यांचं डोकं थंड राहावं म्हणून इतका विचार करणाऱ्या या माणसाला स्वतःचं मन शांत ठेवणं जमलं नाही. प्रत्येक हार त्यांना आपली वैयक्तिक नामुष्की वाटे. जिंकल्यावरही आनंद कमी आणि सुटल्याची भावना जास्त. १९८७ च्या सीझनमध्ये १३ जिंकून संघ बाद फेरीत पहिल्याच मॅचला मिनेसोटाकडून हरला. भर मॅचमध्ये त्यांनी माँटानाला बाहेर बसवून स्टीव्ह यंगला उतरवलं होतं. चिडलेल्या मालकांनी त्यांच्याकडचं संघाचं अध्यक्षपद काढून घेतलं. पुढचा सीझन त्यांनी कसाबसा रेटला.

आणि नियती बघा. २२ जानेवारी १९८९ रोजी मायामीत शेवटची सुपर बोल, समोर पुन्हा बेंगल्स. त्यांचा प्रशिक्षक सॅम वायची, जो सिनसिनाटीत वॉल्श यांच्या हाताखाली खेळला होता आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा सहायक होता. तीन मिनिटं उरलेली, १६-१३ ने मागे, ९२ यार्ड जायचं. छोट्या छोट्या फेकी, एकामागून एक. ३४ सेकंद उरले असताना जॉन टेलरने टचडाउन केला. २०-१६. ज्या संघाने नाकारलं त्याच संघाला दोनदा अंतिम मॅचमध्ये हरवलं, आणि तेही त्याच संघासाठी शोधलेल्या खेळाने! पण ड्रेसिंग रूममध्ये वॉल्श रडत होते, आणि ते काही सूड उगवल्याच्या समाधानाचे अश्रू नव्हते. ते थकले होते. त्यांनी निवृत्ती घेतली. वय फक्त ५७. फार लवकर सोडलं, ही रुखरुख त्यांना पुढे लागून राहिली. १९९३ मध्ये हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. मधे १९९२ ते १९९४ ते पुन्हा स्टॅनफर्डला शिकवायला गेले.

त्यांच्या खेळाला पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ असं नाव पडलं. ते त्यांना आवडत नसे, आणि ते बरोबरही नाही, कारण जन्म ओहायोचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माइक होमग्रेन हे त्यांचे सहायक पुढे ग्रीन बेला गेले, होमग्रेन यांच्या हाताखालून अँडी रीड आले. वॉल्श यांच्यानंतर संघ जॉर्ज सायफर्ट यांनी चालवला, त्यांच्याकडे माइक शॅनहन यांनी हल्ल्याची बाजू सांभाळली, आणि शॅनहन यांचा मुलगा काइल २०१७ मध्ये याच फोर्टीनाइनर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. संगीतात जशी घराणी, तसं हे एक घराणंच. प्रत्येकाने आपापली भर घातली, पण गायकी ओळखू येते.

आणखी एका कामाचा उल्लेख करायला हवा. खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय पुष्कळ, पण प्रशिक्षकांत जवळजवळ कोणीच नाही, हे वॉल्श यांना खटकत होतं. १९८७ मध्ये त्यांनी अल्पसंख्य समाजातल्या प्रशिक्षकांना उन्हाळ्यात आपल्या शिबिरात बोलावून शिकवायला सुरुवात केली. पुढे लीगने ती योजना उचलली आणि आज ती त्यांच्याच नावाने चालते. स्वतः वर्षानुवर्षं दाराबाहेर थांबलेल्या माणसाला बंद दाराची किंमत कळली होती, असं म्हणायला हरकत नाही.

२००२ मध्ये त्यांचा मोठा मुलगा स्टीव्ह ल्युकेमियाने गेला. दोन वर्षांनी त्यांनाही तोच आजार निघाला. ३० जुलै २००७ रोजी वुडसाइडच्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. कँडलस्टिक पार्कवर हजारो लोक त्यांना निरोप द्यायला जमले. ते मैदानही आता उरलेलं नाही, २०१५ मध्ये पाडलं गेलं.

आपल्याकडे शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असं म्हणतात. वॉल्श यांची युक्ती कोणाला फसवण्याची नव्हती. हाताशी असलेल्या माणसाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी त्याला काय येतं हे बघायचं, आणि त्याच्याभोवती सगळा खेळ मांडायचा, एवढीच ती होती. घरात, शाळेत, ऑफिसात आपण नेमकं उलटं करतो. असो.

पुढच्या रविवारी मुलं टीव्ही लावून बसली की तुम्हीही थोडा वेळ बसा. चेंडू कुठे गेला ते शोधू नका, ते मुलं सांगतीलच. क्वार्टरबॅकच्या पायांकडे बघा. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला चेंडू सुटला आणि समोरचा गडी त्याच क्षणी वळला, तर समजा, ती आखणी कुठल्याशा शांत खोलीत आधीच झालेली आहे.